विसरलेला पैसा सरकारी निधीत गेलाय? परत मागण्याचा बरोबर क्रम

वडिलांचं जुनं पासबुक सापडलं की मुंबईतले बरेच जण फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीकडे निघतात. काही जण थेट वकील गाठतात. काही जण 'मिळतील त्यातले अमुक टक्के द्या' म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात मूळ कागद देऊन मोकळे होतात. तिन्ही ठिकाणी वेळ जातो आणि दोन ठिकाणी पैसाही जातो.

दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. पैसा कोणत्याही सरकारी निधीत गेलेला असो, मागणी सुरू होते ती ज्या बँकेतून, कंपनीतून किंवा विमा कंपनीतून तो गेला, तिथूनच. आणि कामाचा क्रम असा: आधी शोध, मग नावांची जुळवाजुळव, मग वारसाचे कागद, आणि कोर्ट लागलंच तर त्यानंतर. माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा क्रम उलटा केलेला असतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

## पैसा कुठे जातो, एवढं आधी समजून घ्या

बँक खात्यात खातेदाराने स्वतःहून दोन वर्षं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी हात लावला नाही, किंवा मुदत संपलेली ठेव दहा वर्षं कुणी मागितली नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ साली सुरू झाला. पैसा तिथे गेला तरी मालकी जात नाही. मागायला कालमर्यादा नाही. बँक तुम्हाला पैसे देते आणि नंतर रिझर्व्ह बँकेकडून भरपाई घेते.

शेअरचं वेगळं आहे. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो लाभांश आणि त्यासोबत ते शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जातात.

विम्याची रक्कम दहा वर्षं पडून राहिली की ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. इथे मात्र घड्याळ चालू असतं: निधीत गेल्यापासून पंचवीस वर्षांत मागणी आली नाही तर ती केंद्र सरकारची होते. म्हणून हातात तिन्ही प्रकारचे कागद असतील तर विम्याच्या कागदावरची तारीख आधी बघा.

## टप्पा १: कागद काढा आणि यादी करा

एक वही घ्या. कुठे जायच्या आधी घरातले सगळे कागद एकदाच काढा: पासबुकं, ठेवीच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, न वटवलेली डिव्हिडंड वॉरंट (लाभांशाचे चेक), विम्याच्या हप्त्याच्या पावत्या, पीएफच्या स्लिपा, जुनी आयकर विवरणपत्रं. विवरणपत्रात व्याज आणि लाभांशाचे आकडे असतात, त्यावरून माहीत नसलेलं खातं सापडतं. आईच्या देवघराच्या कपाटात आणि पोथ्यांमध्येही बघा. पावत्या तिथे ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत होती.

प्रत्येक कागदासाठी वहीत लिहा: संस्था, शाखा, खाते किंवा फोलिओ (शेअर किंवा फंडाच्या खात्याचा) क्रमांक, कागदावर छापलेलं नाव जसंच्या तसं, पत्ता, दुसरा खातेदार, नॉमिनी.

मग संस्थेचं आजचं नाव लिहा. इथे बरेच जण 'ती बँक बुडाली' म्हणून कागद फेकून देतात. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक २०२० मध्ये युनियन बँकेत. पीएमसी बँक २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. कंपन्यांचंही तसंच: हिंदुस्तान लिव्हरचं सर्टिफिकेट असेल तर आज ते हिंदुस्तान युनिलिव्हरकडे मागायचं.

तपासा: शेअर सर्टिफिकेट जुन्या दर्शनी किमतीचं असेल, समजा शंभर किंवा दहा रुपयांचं, तर आज त्याचे शेअर कितीतरी जास्त झालेले असू शकतात. कागदावरचा आकडा बघून 'एवढ्यासाठी कोण खटपट करणार' असं ठरवू नका.

## टप्पा २: शोध घ्या

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. पत्ता नीट वाचून टाका: उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. मोबाइल क्रमांकाने नोंदणी होते, शुल्क नाही. खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक तपशील द्यावा लागतो. यातलं काहीच नसेल तर पत्त्यावरून शोधता येतं. तीसेक वर्षांपूर्वीच्या खात्याला पॅन जोडलेला असण्याची शक्यता कमी, त्यामुळे पॅन टाकून काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. जन्मतारखेने बघा, मग जुन्या पत्त्याने बघा.

नावाचं इंग्रजी स्पेलिंग बदलून पुन्हा शोधा. आडनाव आधी आणि आडनाव शेवटी, वडिलांचं नाव पूर्ण आणि नुसतं आद्याक्षर, 'बाई' लावून आणि न लावता. आजीचं नाव पासबुकावर 'पार्वतीबाई' आणि आधारवर 'पार्वती' असणं अगदी नेहमीचं आहे.

पोर्टलवर रक्कम दिसत नाही. बँकेचं नाव आणि एक संदर्भ क्रमांक दिसतो. तो वहीत लिहा, शाखेत तोच सांगायचा आहे.

उद्गमवर सुमारे तीस बँका आहेत. बेवारस ठेवींचा सुमारे नव्वद टक्के पैसा त्यांच्याकडचाच, पण मुंबईतल्या अनेक सहकारी बँका त्यात नाहीत. त्यांच्यासाठी त्या त्या बँकेच्या वेबसाइटवरची 'अनक्लेम्ड डिपॉझिट' यादी बघा किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

शेअर आणि लाभांशासाठी आयईपीएफच्या वेबसाइटवर आणि कंपनीच्या 'इन्व्हेस्टर' पानावर यादी असते. म्युच्युअल फंडांच्या विसरलेल्या फोलिओंसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, 'मित्र' ही सोय आणली आहे. विम्यासाठी एलआयसीच्या वेबसाइटवर पॉलिसी क्रमांक, नाव, जन्मतारीख टाकून शोधता येतं. खासगी विमा कंपन्यांनाही हजार रुपये आणि त्यावरच्या पडून असलेल्या रकमांचा शोध वेबसाइटवर द्यावा लागतो.

सावधान: यांपैकी कुठेही शोधायला पैसे लागत नाहीत. 'तुमच्या नावावर रक्कम सापडली आहे, प्रोसेसिंग फी भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचाच. ओटीपी कुणालाही सांगू नका.

## टप्पा ३: नावं जुळवा

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, म्हणून इथे घाई नको.

वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर चार नावं लिहा: खात्यावरचं, मृत्यू दाखल्यावरचं, आधारवरचं, पॅनवरचं. फरक लगेच दिसतो. मराठी बायकांच्या बाबतीत तो मोठा असतो. लग्नाआधी घेतलेल्या शेअरवर माहेरचं नाव, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर कागदावरची बाई आणि समोर बसलेली बाई यांच्यात एकही शब्द सारखा नसतो. इथे पूल बांधणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी दाखला, जुनं राजपत्र किंवा दोन्ही नावं असलेला शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशन कार्ड.

हयात व्यक्तीचं नाव बदललेलं असेल आणि पुरावा नसेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल ऑनलाइन करता येतो. गेलेल्या माणसाच्या नावाचं राजपत्र मात्र होत नाही. त्यासाठी लोक चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात जातात आणि हात हलवत परत येतात. अशा वेळी वारसाने 'अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि सोबत दोन्ही नावं जोडणारा एक तरी जुना कागद द्यायचा. नुसतं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी पुरत नाही.

मृत्यू दाखल्यातच नाव चुकलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. ज्या वॉर्डात मृत्यू नोंदला, त्या पालिका विभाग कार्यालयाच्या आरोग्य खात्यात अर्ज करायचा. चुकीच्या दाखल्याच्या प्रती दहा ठिकाणी दिल्या की ती चूक दहा ठिकाणी निस्तरावी लागते.

पत्त्याचा प्रश्न मुंबईत जास्त. पासबुकावर लालबागच्या चाळीचा पत्ता असतो, चाळ पाडून टॉवर झालेला असतो आणि कुटुंब डोंबिवलीला. जुनं रेशन कार्ड, विजेचं जुनं बिल, भाडेपावती, नाहीतर पुनर्विकासात मिळालेल्या घराचा जुना खोली क्रमांक असलेला करारनामा जोडा. जुना पत्ता आणि माणूस यांची गाठ दाखवणारा एक कागद पुरतो.

तपासा: पुढच्या टप्प्याला जाण्यापूर्वी दावेदाराचा स्वतःचा आधार, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का? आणि पॅन आधारशी जोडलेला आहे का? नसेल तर व्याजावर जास्त दराने कर कापला जातो.

## टप्पा ४: वारसाचे कागद, लागतील तेवढेच

खातेदार हयात असेल तर हा टप्पा सोडा. गेलेला असेल तर आधी विचारायचं: दुसरा खातेदार किंवा नॉमिनी आहे का?

'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहिलेला) असं खातं असेल किंवा नॉमिनी नोंदलेला असेल तर बँकेने रक्कम कितीही असली तरी कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत हे स्पष्ट आहे, आणि बँकांना ते अमलात आणायला ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख दिली होती. नॉमिनी नसेल तर पंधरा लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत, साधी पद्धत आहे: दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्रं, हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचं ना हरकत पत्र, आणि वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचं प्रतिज्ञापत्र. सगळे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने निकाल लावायचा.

नॉमिनी मालक होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगा. तो इतर वारसांच्या वतीने रक्कम घेतो. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. भावाबहिणींत नंतर होणारी कटुता इथेच टाळता येते.

कोर्टात जायची वेळ आलीच तर दोन चुका टाळा.

पहिली, चुकीचा दाखला काढणं. १८२७ च्या रेग्युलेशनखाली मिळणारा वारस दाखला आणि भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र हे वेगळे कागद आहेत. ठेवी आणि शेअर यांसाठी कोर्टाचा कागद मागितला तर तो बहुधा दुसरा असतो. कोणता हवा ते संस्थेकडून लेखी घ्या, मग वकिलाकडे जा.

दुसरी, शोध पूर्ण होण्याआधी अर्ज करणं. उत्तराधिकार प्रमाणपत्रात प्रत्येक ठेव आणि प्रत्येक शेअर यादीत लिहावा लागतो. नंतर एखादं सर्टिफिकेट सापडलं तर प्रमाणपत्र वाढवून घेता येतं, पण त्यासाठी पुन्हा कोर्ट, पुन्हा खर्च. म्हणून टप्पा २ आधी.

अर्ज कुठे करायचा हेही आधी बघा. मृत व्यक्ती शेवटी जिथे राहत होती तिथलं न्यायालय. बृहन्मुंबईत राहत असेल तर मुंबई उच्च न्यायालय. आजोबा निवृत्तीनंतर रत्नागिरीला राहायला गेले आणि तिथेच वारले, तर ठेव दादरला असली तरी अर्ज रत्नागिरीला.

सावधान: ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या बहुतेक दस्तांना पाचशे रुपये लागतात. जुन्या छापील नमुन्यात शंभरचा उल्लेख असतो. तो बघून हमीपत्र केलं तर ते परत येतं.

## टप्पा ५: बँकेत अर्ज

खातेदार स्वतः असेल तर केवायसीचे कागद घेऊन कोणत्याही शाखेत जाता येतं, मूळ शाखेतच जायला हवं असं नाही. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही, आणि किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही कापता येत नाही. हे काउंटरवर शांतपणे सांगा.

अर्जात उद्गमचा संदर्भ क्रमांक, जुना खाते क्रमांक आणि 'रक्कम ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग झाली असल्यास दावा नोंदवून घ्यावा' हे वाक्य लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा, कारण पुढच्या तक्रारीत तारीख तीच धरली जाते.

'रिझर्व्ह बँकेकडून पैसे आले की देऊ' असं उत्तर मिळालं तर मान्य करू नका. बँकेने आधी द्यायचं असतं.

व्याज किती मिळेल, हे सगळेच विचारतात. व्याज देणाऱ्या खात्यातला पैसा निधीत गेल्यानंतरच्या काळासाठी सरळव्याज मिळतं: ३० जून २०१८ पर्यंत चार टक्के, मग साडेतीन, आणि ११ मे २०२१ पासून तीन टक्के. चालू खात्यावर व्याज नाही.

## टप्पा ६: शेअर

सगळ्यात लांबचा रस्ता हाच, आणि अर्ध्या वाटेत सोडलेले दावेही इथलेच. कारण एकच: लोक आयईपीएफ-५ हा फॉर्म पहिल्याच दिवशी भरतात. तो शेवटी भरायचा असतो.

आधी रजिस्ट्रार. प्रत्येक कंपनीचं शेअरचं काम एक रजिस्ट्रार बघतो. सर्टिफिकेटवरचा पत्ता जुना असेल, म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरून आजचं नाव घ्या. लिंक इनटाइम आता एमयूएफजी इनटाइम झालं आहे आणि त्यांचं कार्यालय विक्रोळी पश्चिमेला आहे. फोलिओ क्रमांक देऊन लेखी विचारा: किती शेअर, कोणत्या वर्षाचा किती लाभांश, काय निधीत गेलं आणि काय अजून कंपनीकडेच आहे. कंपनीकडेच असलेलं लगेच मागा.

मग केवायसी. रजिस्ट्रारकडे द्यायचे फॉर्म असे: आयएसआर-१ मध्ये पॅन, पत्ता, बँक. आयएसआर-२ मध्ये सही, आणि ती तुमच्या बँकेच्या अधिकाऱ्याने शिक्का मारून, स्वतःचं नाव व कर्मचारी क्रमांक लिहून साक्षांकित केलेली. नॉमिनीसाठी एसएच-१३. आयएसआर-२ वर बँकेत अडतं: अधिकारी सही करतो, शिक्का मारतो, पण कर्मचारी क्रमांक लिहीत नाही, आणि एवढ्यावरून अख्खा गठ्ठा परत येतो. काउंटर सोडण्यापूर्वी प्रत्येक रकाना बोट ठेवून वाचा. १९८७ साली केलेली सही आज हात थरथरल्यामुळे जुळत नाही, हे रजिस्ट्रारना ठाऊक असतं. हा फॉर्म त्यासाठीच आहे. जुन्या सहीची नक्कल करायला जाऊ नका, आजची जशी येते तशी करा.

धारक वारला असेल तर आयएसआर-५ आणि वारसाचे कागद. कागदी शेअरसाठी एका कंपनीत पाच लाखांपर्यंत आणि डीमॅटमध्ये (इलेक्ट्रॉनिक खात्यात) पंधरा लाखांपर्यंत सेबीने सोपी पद्धत ठेवली आहे, त्याहून जास्त असेल तर कोर्टाचा कागद लागू शकतो.

डीमॅट खातं दावेदाराच्या नावाने उघडा. परत मिळणारे शेअर तिथेच जमा होतात. ब्रोकरकडून क्लायंट मास्टर लिस्ट, म्हणजे त्या खात्याच्या तपशिलाचा कागद, शिक्क्यासह घ्या.

पात्रता पत्र. हे सगळं बरोबर असलं की कंपनी तुम्हाला 'एंटायटलमेंट लेटर' देते. ते हातात आलं की मगच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-५ भरायचा. पात्रता पत्रातले आकडेच फॉर्ममध्ये टाका, स्वतःच्या हिशोबाचे नकोत.

फॉर्म भरल्यावर एसआरएन, म्हणजे दाव्याचा संदर्भ क्रमांक, मिळतो. काम इथे संपलं असं वाटतं आणि अनेक जण इथेच थांबतात. फॉर्मची छापील प्रत, मूळ हमीपत्र, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि बाकीचे कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (या दाव्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवावे लागतात, पाकिटावर आयईपीएफ परताव्याचा दावा असल्याचं लिहून. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा किंवा हाताने देऊन पोच घ्या, आणि मूळ सर्टिफिकेट देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या स्वच्छ प्रती काढा. कंपनीने तीस दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा आणि आयईपीएफ प्राधिकरणाने त्यानंतर साठ दिवसांत निर्णय करायचा असा नियम आहे.

तपासा: एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो. दोन फोलिओ असतील तर दोन्ही एकाच फॉर्ममध्ये घ्या.

## टप्पा ७: विमा आणि पीएफ

एलआयसीच्या कामासाठी नरिमन पॉइंटच्या 'योगक्षेम'ला जायची गरज नाही. पॉलिसी ज्या शाखेकडे आहे तिथे डिस्चार्ज व्हाउचर (रक्कम घेतल्याची सही केलेली पावती), बँक तपशील आणि मूळ पॉलिसी द्यायची. पॉलिसी हरवली असेल तर हमीपत्र.

पीएफच्या जुन्या स्लिपवर 'एमएच/बीएएन' असं असेल तर ते वांद्र्याच्या कार्यालयाचं खातं. गिरणी किंवा कारखाना बंद पडला म्हणून पीएफ बुडत नाही. सभासद वारला असेल तर वारसाने फॉर्म २० भरायचा, आणि त्याच वेळी निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो का तेही विचारून घ्यायचं. ते विचारायचं राहून गेलं म्हणून वर्षानुवर्षं विधवा पेन्शनला मुकलेल्या बायका गिरणगावात आहेत.

## टप्पा ८: उत्तर आलं नाही तर

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा कारण न देता नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कंपनी किंवा रजिस्ट्रारविरुद्ध सेबीचं 'स्कोअर्स', विमा कंपनीविरुद्ध 'बीमा भरोसा'. तक्रारीत गोष्ट लांबवू नका. अर्जाची तारीख, पोच क्रमांक, मागितलेले कागद, दिलेले कागद आणि राहिलेलं काम, एवढं पाच ओळींत लिहा आणि पोचीची प्रत जोडा.

रक्कम जमा झाली की बँकेकडून मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारं पत्र घ्या. वारसाने मिळालेल्या मुद्दलावर आयकर नाही, व्याजावर आहे. शिवाय इतर वारसांना त्यांचा वाटा देताना तेच पत्र हिशोबाला लागतं.